कारखान्याच्या गेटवरचे स्टूल

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे. बाभळीच्या लाकडाचे, चार पायांचे, रंग कधीच उडून गेलेले. माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. आमदार माझ्यावर उभे राहिले आहेत. बसले नाहीत, उभे राहिले! बसायला त्यांना खुर्च्या पुष्कळ मिळाल्या.

माझा जन्म नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या सुतारशाळेत झाला, आणि त्याला कारण झाले दोन बैल. त्या वेळी गोरक्षभाऊ नुकतेच कामगार युनियनचे पुढारी झाले होते. सोनईकडून आलेला हा तरुण फिटर आवाजाने खणखणीत, पण उंचीने बेताचा. गेटवर सभा घेतली की पुढच्या रांगेलाच काय ते भाऊ दिसत. मागून कुणीतरी ओरडे, "आरं, बोलतंय कोन? आमाला दिसंना!" म्हणून एकदा भाऊ उसाच्या बैलगाडीवर चढून बोलू लागले. भाषण रंगात आले, टाळ्या पडल्या आणि टाळ्यांना बुजून बैल चालू लागले. भाऊ बोलताहेत, गाडी चालली आहे आणि सभा गाडीमागून पळते आहे! त्या दिवशी कारखान्याचे मॅनेजरसुद्धा पोट धरून हसले म्हणतात.

मग वाल्मिक मिस्त्रींनी मोडक्या बैलगाडीचे लाकूड घेऊन मला घडवले. "घ्या भाऊ, ह्ये काय पळून जानार न्हाई," असे म्हणत त्यांनी मला गेटसमोर आणून ठेवले. मिस्त्रींचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही.

गेटसमोरची जमीन उसाच्या ट्रॅक्टरांनी खड्ड्याखड्ड्यांची केलेली. तिथे मी फार डुगडुगत असे. म्हणून भाऊंनी पहिल्याच सभेत एक रीत पाडली. आपले बोलून झाले की खाली उतरायचे आणि पुढच्या बोलणाऱ्यासाठी उकिडवे बसून स्टूल धरायचे. मग तो आपले कौतुक करो, नाहीतर आपल्याला सोलून काढो. "आपल्याला शिव्या देनाऱ्याचं बी स्टूल धरायचं," भाऊ हसून सांगत, "त्यो पडला तर लोक म्हनत्याल, युनियननं पाडला."

किती माणसे चढली माझ्यावर! बॉयलरवर भाजलेला कारभारी चढला आणि त्याच्यानंतर तिथल्या कामगारांना जाड बूट मिळाले. गोदामातल्या बाया चढल्या आणि त्यांच्यासाठी वेगळे स्वच्छतागृह झाले. संपात मी भर उन्हात उभे राहिले, पोलिसांच्या गाडीत पडले, चौकीच्या व्हरांड्यात राहिले. त्या दिवसांची आठवण झाली की अजूनही माझी छाती फुगते. स्टुलाला छाती कुठली, असे विचारू नका.

पुढे कामगारांनीच भाऊंना विधानसभेला उभे केले. बेलापूरच्या बाजारात, वाड्यावस्त्यांवर मी टेम्पोतून हिंडले. भाऊ निवडून आले तेव्हा माझ्यावर इतका गुलाल पडला की मी पुन्हा नव्या रंगाचे झाले. भाऊंचा पक्ष मात्र विरोधी बाकावर बसला. पण त्या बाकावरूनही भाऊ गेटवर बोलत तसेच बोलत. युनियनच्या कचेरीत मोबाईलवर त्यांचे भाषण लागले की सगळे काम थांबवून ऐकत, आणि मीही ऐकत असे.

हो, मी आता गेटशेजारच्या कचेरीत होते. आमदारांच्या सभेला आता मोठे व्यासपीठ लागे, फुलांच्या माळा लागत, मोठाले स्पीकर लागत. मला कोण विचारतो? माझ्यावर पाण्याचा जार ठेवला गेला. येणारा-जाणारा तंबाखूच्या चुन्याचे बोट माझ्या पायाला पुसून जाई. मला रडू येत असे, पण सांगणार कुणाला?

अशातच एके दिवशी गेटवर मोठी सभा ठरली. कारखान्यात हंगामी कामगार बरेच होते. गाळप चालू असेल तोवर त्यांना काम, हंगाम संपून पट्टा पडला की घरी. त्यांना कायम करा, ही भाऊंची जुनी मागणी. आता सत्ताधाऱ्यांकडून भाऊंना निरोप आला होता. आमच्या पक्षात या, तुमचे सगळे हंगामी लोक कायम होतील. भाऊंनी मनातल्या मनात होकार ठरवला होता आणि तो सांगायलाच ते आले होते.

"तुमच्यासाठीच मी तिकडं चाललोय," भाऊ व्यासपीठावरून म्हणाले. टाळ्या पडल्या. पण नेहमीसारख्या नाहीत.

गर्दीतून एक बाई उठल्या. राहीबाई, साखरेच्या गोदामात झाडलोट करणाऱ्या. त्याही हंगामीच. "भाऊ, मला बोलायचंय," त्या म्हणाल्या.

"बोला मावशी, तिथूनच बोला," एका कार्यकर्त्याने माईक पुढे केला.

"तिथून न्हाई. आपलं स्टूल कुठं हाय?"

कुणी हलले नाही. तेव्हा राहीबाई स्वतः कचेरीत आल्या, जार खाली उतरवला आणि मला उचलून गेटसमोर घेऊन गेल्या. पदराने मला पुसले आणि वर चढल्या. मी डुगडुगू लागले. आजूबाजूला इतके लोक, पण मला धरायला एकही पुढे येईना. आमदारांच्या विरोधात बोलणाऱ्या बाईचे स्टूल धरायचे, तेही आमदारांच्या डोळ्यांदेखत! बाई पडल्या तर?

तेवढ्यात दोन हातांनी माझे पाय घट्ट धरले. मी तो स्पर्श ओळखला. भाऊ व्यासपीठावरून उतरून, पांढऱ्या कपड्यांनिशी धुळीत उकिडवे बसले होते.

राहीबाईंनी खाली पाहिले. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, मला कायम व्हायचंय. लई व्हायचंय. पन ज्यो हात आज आमाला देनार, त्योच हात उद्या तुमचं त्वांड दाबनार. आमाला परत काढलं, तर तिकडं बसून तुमी काय इचारनार? आमी तुमाला मत दिलं ते इचारायसाठी. आमच्या बदल्यात तुमी सोताला देऊ नगा."

राहीबाई उतरल्या, भाऊ माझ्यावर चढले. रीतीप्रमाणे आता राहीबाईंनी मला धरले. "मी न्हाई जात," ते म्हणाले. "तुमचं काम हाय त्याच बाकावर बसून करीन. लांबंल, पन करीन."

सगळेच खूश झाले नाहीत. सहादेव नावाचा हंगामी कामगार तावातावाने उठला. "भाषनानं चूल पेटती व्हय?" असे म्हणून तो निघून गेला. त्याचा राग खोटा नव्हता. भाऊंनी त्याला अडवले नाही.

आणि खरेच, काम लांबले. प्रत्येक अधिवेशनात भाऊ तोच प्रश्न विचारत. समोरच्या बाकांवर हसू पिके. पुन्हा निवडणूक झाली, भाऊ पुन्हा विरोधातच बसले आणि पुन्हा तोच प्रश्न. शेवटी हसणारेच कंटाळले. कामगार कायम करण्याचा आदेश निघाला आणि तो गेटवर मोठ्याने वाचला गेला, तेव्हा सहादेव लहान मुलासारखा रडला.

तोवर राहीबाईंचे वय निघून गेले होते. त्या हंगामी म्हणूनच घरी गेल्या. याचे मला फार वाईट वाटते, आणि भाऊंना तर त्यांच्यासमोर मान वर करवत नव्हती. "तुमाला न्हाई देता आलं," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," राहीबाई म्हणाल्या. "आमचा मानूस कुनी फोडू शकला न्हाई, ह्ये मी माझ्या लेकीला सांगते. तिलाबी लई भारी वाटतं."

मित्रांनो, आता युनियनच्या कचेरीत माझ्यासाठी काचेचे कपाट करायचे चालले आहे. आत दिवा, बाहेर पितळी पाटी. मान मिळतो म्हणून मला आनंद आहे, पण माझी एक विनंती ऐका. मला कपाटात कोंडू नका. काचेतल्या वस्तूला लोक लांबून हात जोडतात आणि निघून जातात. मला गेटवरच राहू द्या. पाऊस-ऊन सोसायला थोडे तेल लावा, सैल झालेला पाय ठोकून घ्या. आणि कुणाला मोठ्या माणसाला काही विचारायचे असेल, तर त्याने खुशाल चिखलाच्या पायांनी माझ्यावर चढावे.