बादशाही चौरंगाचा तुकडा

रोझीने सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि हातातला लाकडाचा तुकडा गोल गोल उगाळायला घेतला. हाईम चष्मा शोधत स्वयंपाकघरात आला तेव्हा तिच्या डाव्या घोट्यावर लालभडक लेप बसलेला होता.

"जिन्यात पाय मुरगळला," ती म्हणाली. "रक्तचंदन लावतेय."

"अगं, आपलं रक्तचंदन केव्हाच संपलं."

"खिडकीत हा तुकडा होता की. हातात घेतला तर चांगला जड लागला."

हाईमने तुकडा तिच्या हातातून काढून घेतला. लंडनजवळच्या इल्फर्डमध्ये चाळीस वर्षं त्याने लोकांचं जुनं फर्निचर दुरुस्त केलं, पण परक्याच्या वस्तूवर साधा ओरखडाही कधी उठू दिला नव्हता. आणि हा तुकडा होता खाली कारखान्यात दुरुस्तीला ठेवलेल्या चिनी चौरंगाच्या पायाचा, निखळून आलेला.

चौरंग साउथहॅम्प्टनजवळच्या एका छोट्या संग्रहालयाचा. कुणा बोटीच्या कप्तानाने पेकिंगहून आणलेला. तिथल्या दरबारात या काळ्या-जांभळ्या, दगडासारख्या लाकडाचा केवढा तोरा! ते समुद्रापलीकडून यायचं आणि बादशहाच्या हुकमाशिवाय म्हणे ओंडक्याला करवतही लागत नसे. आपल्या दक्षिणेतल्या जंगलांतलं रक्तचंदन ते हेच, असं हाईमने वाचलं होतं. पण संग्रहालयाने बोलावलेल्या तज्ज्ञाने वरवर बघून शेरा मारला होता: साधं लाकूड, वरून रंग. सोमवारी चौरंग किरकोळ सामानाबरोबर विकला जाणार होता.

हाईमचं मन मानत नव्हतं. जरा खरवडून पाहिलं असतं तर लगेच कळलं असतं. पण 'मूळ लाकडाला धक्का लावणार नाही' अशा कागदावर त्याने सही केली होती, आणि हाईमची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आठ दिवस तो बिचारा खिडकीच्या उजेडात त्या तुकड्याकडे नुसता भिंगातून बघत होता. रोझीने वाढलेलं ताट दोनदा तसंच गार झालं होतं.

बेल वाजली. रोझी झपझप जिना उतरली आणि चौरंग बघायला आलेल्या संग्रहालयातल्या निधीला वर घेऊन आली. निधी इथेच जन्मलेली, मराठी अडखळत बोलणारी.

"निधी, मोठी चूक झाली," हाईमने तुकडा पुढे केला. "माझ्याच हातून."

रोझीने त्याच्याकडे पाहिलं.

निधीने तुकड्याची उगाळलेली बाजू उजेडात धरली. मग सहाणेकडे पाहिलं, मग रोझीच्या घोट्याकडे.

"हा कलर वरचा नाहीये, हाईमअंकल. इट्स रेड ऑल द वे थ्रू." ती हसायलाच लागली. "माझा आजी पण हे लावायची, नागपूरला. उगाळायला तिची एक लाकडाची बाहुली होती."

तिने चमच्याने सहाणेवरचा लेप निपटून छोट्या पिशवीत भरला. "लॅबला एवढं पुरेल. म्युझियम कापू देत नव्हतं ना? आता कापायलाच नको." तिथूनच तिने फोन लावला आणि लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत चौरंग विक्रीतून काढायला सांगितला.

हाईमचा आनंद गगनात मावेना. आठ दिवसांनंतर त्याला सपाटून भूक लागली. त्याने निधीलाही बळेच दोन करंज्या खायला लावल्या.

"फॉर्मवर काय लिहायचं?" त्याने भीत भीत विचारलं.

"डॅमेज, मायनर," निधी तोंडात करंजी ठेवूनच म्हणाली. "कॉज, होम रेमेडी."

ती गेल्यावर हाईम कोमट पाण्याचा तसराळा घेऊन रोझीच्या पायाशी बसला. लेप वाळून तडकला होता. त्याने फडक्याने तो हलक्या हाताने पुसून काढला. मग दोन्ही घोटे शेजारी ठेवून पाहिले. अंगठ्याने दाबून पाहिले. सूज कुठेच नव्हती.

"रोझी, दुखतंय कुठे?"

रोझीने पाय मागे घेतला आणि चपला चढवल्या. शुक्रवार होता. सूर्यास्ताला शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस, सुरू व्हायच्या आधी बराच स्वयंपाक उरकायचा होता.

"अहो, कागदावर सही तुमची होती," ती म्हणाली. "माझी कुठे होती?"