वरच्या मजल्यावरचं जेवण

ह्यांच्या आणि धाकट्या दिराच्या कारखान्यात संप सुरू झाला आणि गरजूंना शिधा देणाऱ्या सरकारी कल्याण कचेरीचा नियम कळला. संपावरच्या गड्याला छदाम मिळणार नाही, मदत फक्त बायको-पोरांची. आमच्या घरी पोर नाही, म्हणजे मदत माझ्या एकटीच्या तोंडापुरती. वरच्या मजल्यावरच्या धाकट्या जावेला मात्र तीन पोरं. कचेरीतून आली की भरलेली पिशवी घेऊन नेमकी माझ्याच दाराशी दम खायला थांबायची. देवाने तिला दिलं, मला नाही, हे मी गिळलं होतं. पण सरकारनेही तिचीच बाजू घ्यावी?

त्यात आमच्या ह्यांचं नवीनच. ताट वाढलं की म्हणायचे, तू खा, मी वर भावाकडे जेवलो. एक दिवस ठीक आहे हो, पण रोज? कचेरीच्या त्याच बटाट्यात ती असं काय घालते? पोरांच्या गराड्यात घास गोड लागत असणार, दुसरं काय! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी एकदा ह्यांचं न शिवलेलं ताट उचललं आणि तरातरा जिना चढले. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच.

जावेनं दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत तीच कडाडली, "बरं झालं आलात, ताई. माझ्या नवऱ्याला रोज जेवू घालून काय दाखवताय? मला रांधता येत नाही?"

"तुझा नवरा? अगं, संप लागल्यापासून तो माझ्या उंबऱ्यात आलेला नाही. जेवतात ते आमचे, तुझ्याकडे."

"भाऊजी? इथे?"

दोघी ताटाकडे बघत राहिलो. मग तिनं मला खिडकीशी ओढलं. खाली अंगणातल्या नळावर दोघे भाऊ उभे होते. तिचा ओंजळीनं पाणी पीत होता, घटाघटा. माझे आपली पाळी यायची वाट बघत होते.

मी वरूनच हाक मारली, जेवायला या म्हणून.

ह्यांनी मान वर केली आणि सवयीनं म्हणाले, "तू जेवून घे गं. मी वर भावाकडे..."

मी वरच उभी होते, भावाच्याच खिडकीत, त्यांचं ताट हातात घेऊन.