नीनाचं रताळं मीच चोरलं

मी बर्टी बोलतोय. चिंपांझी. माकड म्हणालात तर तोंडावर पाणी पडेल, आधीच सांगून ठेवतो.

वय विचारू नका, कुणालाच धड माहीत नाही. जन्म आफ्रिकेतल्या जंगलातला म्हणतात. मला आठवतो तो स्पेनचा समुद्रकिनारा. तिथे एक माणूस मला झबलं घालून पर्यटकांच्या कडेवर द्यायचा आणि फोटो काढायचा. चावू नये म्हणून माझे पुढचे दातही काढले त्याने. मग कुणीतरी तक्रार केली आणि मला सोडवून इंग्लंडात आणलं, ह्या सोडवलेल्या प्राण्यांच्या सँक्च्युरीत. झाली तीसेक वर्षं. मला वाचता येत नाही, पण कुठलं कुलूप नीट लागलं नाही ते लांबून कळतं.

मराठी कुठून आली? अहो, माझ्या जाळीसमोरच किचन आहे. तिथे दर मंगळवारी एक आई आणि मुलगी भाजी चिरता चिरता भांडतात. मुलगी अन्वी, इथेच जन्मलेली, आमची कीपर. आई रेखा, ब्रॅकनेल शहरात कॉम्प्युटरची नोकरी करून रिटायर झाली आणि इथे व्हॉलंटिअर म्हणून लागली. म्हणजे घरी आई बॉस, इथे मुलगी बॉस. मला टीव्ही लागतच नाही.

"आई, गाजर एवढं बारीक नको. कोशिंबीर नाहीये ही."

"बरं बाई. आता तू मला गाजर चिरायला शिकव."

पहिल्या दिवशी रेखा पांढराशुभ्र कोट घालून आली. मी नळाचं पाणी तोंडात भरून साधूसारखा बसून राहिलो. ती जवळ आली आणि फुर्रर्र! "मेल्या!" म्हणाली. मी शिकलेला पहिला मराठी शब्द तो. पुढच्या मंगळवारी रेनकोट घालून आली. तेव्हाच ओळखलं, ही बाई टिकणार.

सगळे टिकत नाहीत. मिठी मारायला मिळेल म्हणून येतात, मिळतं फावडं आणि बादली. आम्हाला हात लावायचा नाही हा इथला नियम. रेखा तीन वर्षं घाण काढतेय, थंडीत, गुडघा धरून. पुठ्ठ्याच्या नळ्यांत मनुका भरून टोकं मुडपते, म्हणजे आम्हाला खाताना डोकं चालवावं लागतं. तिच्या नळ्या सगळ्यात अवघड. मला अभिमान आहे तिचा, पण दाखवत नाही.

ह्या मार्चमध्ये नीना आली. बारा वर्षं कुणाच्या तरी घरामागच्या शेडमध्ये एकटीच होती. दुसरा चिंपांझी तिने पाहिलेलाच नव्हता. माझ्या शेजारची खोली तिला दिली, मधे नुसती जाळी. मला बघून कोपऱ्यात जाऊन बसली, ती बसलीच. एक दिवस खाल्लं नाही, दोन दिवस नाही, चार दिवस नाही.

मंगळवारी अन्वीने सुरी खाली ठेवली. "उद्यापर्यंत नाही खाल्लं ना, तर व्हेट तिला बेशुद्ध करून ट्यूब घालणार. ती इतकी वीक आहे, आई. मे बी परत उठणारच नाही."

रेखाने रताळं उकडलं. अन्वीने फोडी नीनाच्या फळीवर ठेवल्या. आणि मग रेखाने काय केलं? आग्रह! जाळीपासून लांब राहायला आखलेल्या पिवळ्या रेषेमागे स्टूल टाकून बसली, नीनाच्या डोळ्यांत डोळे घातले, बत्तीस दात दाखवून हसली. "घे गं सोने. एकच घास. बरं, अर्धा. माझ्यासाठी."

आमच्यात असे दात दिसले म्हणजे समोरचा घाबरलाय. टक लावली म्हणजे, ये, मारामारीला तयार हो. ही बाई भ्यालीय की मारायला आलीय, नीनाला कळेना. तिने डोकं गुडघ्यांत खुपसलं.

"आई, आग्रह नको ना! ती पाहुणी नाहीये."

"पाहुणीच आहे. आणि माझ्यासमोर उपाशी बसलीय."

मग मी उठलो. जाळीतून काडी घातली, नीनाच्या फळीवरची सगळ्यात मोठी फोड ओढून तोंडात टाकली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला पळालो.

"मेल्या! तिच्या तोंडचा घास काढतोस?" रेखा तरातरा माझ्याकडे आली. नीनाकडे तिची पाठ झाली. "पोर चार दिवसांची उपाशी, आणि तू ढोल्या..."

मी वाकुल्या दाखवल्या. बघतो तर नीनाचा हात हळूच फळीकडे निघालेला.

अन्वीनेही पाहिलं. कुजबुजली, "आई, मागे वळू नको. भांड त्याच्याशी. प्लीज, थांबू नको."

रेखा थांबली नाही. माझ्या पोटावर बोलून झालं, कुळावर झालं. माझ्यावरचं संपल्यावर नोकरीतल्या जुन्या मॅनेजरवर गेली, तिथून घोरणाऱ्या नवऱ्यावर. डोळ्यांतून धारा आणि तोंडात शिव्या. मीही वाकुल्या कमी पडू दिल्या नाहीत.

"किती उरल्या?" न वळता तिने विचारलं.

"दोन... एक... आई, सगळं खाल्लं तिने!"

अन्वीने वहीत लिहिलं ते मोठ्याने वाचलं: नीना जेवली, रेखामुळे. माझं नाव नाही. चालायचंच! आता रेखा नवीन व्हॉलंटिअर्सना सांगते, "ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. तिला बघत बसायचं नाही." अशा ऐटीत सांगते, जसं काही आईच्या पोटातूनच शिकून आलीय.

गेल्या आठवड्यात आमच्या मधल्या जाळीतली झडप उघडली. नीना आठ दिवस आली नाही. मी बोलावलं नाही. काल आली, एक हात लांब बसली. आज ऊन पडलंय, आणि ती माझ्या पाठीला टेकून झोपलीय. बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी टेकलीय.

माझा पाय केव्हाचा बधिर झालाय. हलवत नाही. तुम्ही कधी मदतीला आलात तर जरूर या, काम पुष्कळ आहे. आत्ता मात्र उठून टाटा करता येत नाही. या आता. आणि जाताना दार हळू लावा.