थोरल्याला मुलगा झाला

तार आली तेव्हा ॲम्ब्रोज थेलवॉल खालच्या कुरणात चिखलात उभा राहून गड्यांबरोबर तुंबलेला चर मोकळा करत होता. त्यानं मजकूर दोनदा वाचला.

"दादाला मुलगा झाला," तो म्हाताऱ्या टकेटला म्हणाला. "चर्चच्या घंटा वाजवायला सांग."

टकेटनं टोपी काढली. "सांगतो, धाकटे मालक. पण या जमिनीचं दुखणंखुपणं तुम्हीच काढलंत."

"घंटा, टकेट."

जमीन, वाडा, किताब सगळं थोरल्या एव्हरार्डचं. तो लंडनला राहायचा. इथं सव्वीस वर्षं राबला तो ॲम्ब्रोज. एव्हरार्ड छातीनं अधू, पन्नाशीपर्यंत बिनलग्नाचा, त्यामुळे गाव ॲम्ब्रोजलाच पुढचा लॉर्ड धरून चाललं होतं. मग गेल्या वर्षी एव्हरार्डनं अचानक लग्न केलं, आणि आता वारसही आला.

बूट न बदलताच ॲम्ब्रोज पाद्रीबाबांच्या घरी गेला. त्यांची बहीण विनिफ्रेड हिच्याकडे तो दर गुरुवारी चहाला यायचा. एकोणीस वर्षं. वाड्याच्या फाटकाजवळच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या धाकट्यानं मागणी घालायची तरी कोणत्या तोंडानं? दिवस पालटल्यावर घालू म्हणावं, तर ते दिवस भावाच्या मरणानंच यायचे. हे त्यानं मनातसुद्धा कधी पुरतं उच्चारलं नव्हतं.

आज गुरुवार नव्हता. त्याला दारात पाहताच ती काय ते समजली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, एवढंच तिनं विचारलं. तो हो म्हणाला आणि बसला.

"विनिफ्रेड, तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं."

"माहीत आहे मला."

"वाड्यात नेता येईल तेव्हा विचारणार होतो."

ती हलकेच म्हणाली, "त्या दोन खोल्यांतही आले असते मी. तेव्हा."

"आणि आता?" असं त्याच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आतून पाद्रीबाबांनी हाक मारली. त्यांची दृष्टी दोन वर्षांपूर्वीच गेली होती. हात धरल्याशिवाय त्यांना जिनाही उतरता येत नसे. "आले हं," ती म्हणाली.

घंटा सुरू झाल्या. ॲम्ब्रोज उठला. ती दारापर्यंत आली.

"बाहेर वारं आहे," असं म्हणत तिनं त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. बटण लागलं, तरी तिचा हात क्षणभर तिथंच राहिला.