चंद्रावतीचा दुखरा कोपर

सुकापुरात कुणाकडे हळद असली की भाकऱ्यांसाठी निरोप चंद्रावतीला यायचा. तिच्या हातची तांदळाची भाकर मोठी, मऊ आणि दुसऱ्या दिवशीही न तडकणारी. पण यंदा लग्नसराईच्या तोंडावर तिच्या उजव्या कोपरात कळ यायला लागली. आधी उकड मळताना, मग चहाचा कप उचलताना, शेवटी दाराची कडी काढतानाही.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते, टेंडन, ती मळून मळून दुखावली आहे. काही महिने मळायचं नाही आणि मनगटाचा व्यायाम रोज करायचा. मळणं तिने नाइलाजाने थांबवलं. व्यायामाने मात्र कळ वाढायची, म्हणून तो तिने सोडून दिला.

सून स्नेहल नोकरी करणारी. तिने नवीन पनवेलमधल्या मिताली नावाच्या फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली आणि सासऱ्यांना, कमळाकरला, म्हणाली, "बाबा, तुम्ही सोबत जा. त्या व्यायामाबरोबर अ‍ॅक्युपंक्चरही करतात."

"म्हणजे सुया?" कमळाकर म्हणाला. तरी ठरल्या दिवशी तो तिच्यासोबत दवाखान्यात गेला.

मितालीने कोपर दाबून पाहिला, मूठ वळायला लावली. मग म्हणाली, "काकी, सुयांनी टेंडन जुळत नाही. दुखणं हलकं होऊ शकतं, तेही सगळ्यांचं सारखं नाही. तुमचं झालं तर व्यायाम करता येईल, आणि खरं बरं व्हायचं ते व्यायामाने."

पाकीट फोडून तिने केसासारखी बारीक सुई काढली. चंद्रावतीला नुसतं मुंगी चावल्यासारखं वाटलं, मग हात जड झाला. तिने बाजूला पाहिलं तर कमळाकरचा चेहरा पांढरा पडलेला.

"तुमी भायेर बसा," ती म्हणाली.

"नाय. हाय मी इथंच." आणि भिंतीवरच्या पंख्याकडे बघत त्याने तिचा डावा हात घट्ट धरून ठेवला. मितालीने त्याला पाणी दिलं.

पहिल्या खेपेला फार फरक पडला नाही. पुढच्या काही खेपांनंतर कळ बोथट झाली. मग रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ती पाण्याची अर्धी बाटली मुठीत धरायची आणि मनगट सावकाश खाली सोडायची. घाई केली की कमळाकर समोरून म्हणायचा, "हळू. बाईंनी हळू सांगितलाय."

घरात भाकरी तर लागायचीच. एका सकाळी कमळाकरने आपणहून पीठ उकळत्या पाण्यात टाकलं आणि उकड परातीत काढली. ती गरम असतानाच मळावी लागते हे त्याला हात पोळल्यावर कळलं. पहिल्या भाकऱ्या चिरल्या. चंद्रावती स्टुलावर बसून सांगत राहिली, पाणी लावा, तळव्याने रेटा. हळूहळू त्याचा हात बसला. कुणी बघू नये म्हणून दार मात्र तो आतून लोटून घ्यायचा.

उन्हाळ्यात शेजारच्या रूपाची हळद ठरली. मितालीने थापायला परवानगी दिली, मळायला अजून नाही. "मग कशी जाऊ?" चंद्रावतीने विचारलं. कमळाकरने उठून तिची मोठी परात घासायला घेतली.

हळदीच्या दिवशी मांडवामागे चुली पेटल्या, बायका पराती घेऊन बसल्या. कमळाकर आला, बाह्या सारल्या आणि सगळ्यांसमोर चंद्रावतीच्या परातीशी मांडी घालून बसला.

"भावोजी, तुमी?" त्यांच्यातली सखूबाई हसली. मग सगळ्याच हसल्या. त्याचे कान लाल झाले, पण हात थांबले नाहीत. त्याने मळलेला गोळा चंद्रावतीने तळव्यावर घेतला आणि फिरवत थापला. कोपर थोडा ओढला गेला, इतकंच.

तव्यावर भाकर टम्म फुगली. चंद्रावतीला मितालीची आठवण झाली, सुनेची झाली. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र काय म्हणावं ते सुचेना. एवढ्या वर्षांत तिने त्याचे आभार कधी मानलेच नव्हते, आणि तशी रीतही नव्हती. धुराने डोळे चुरचुरत होते. तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, सगळ्यांच्या देखत.

"गोळा जरा घट हाय," ती हळूच म्हणाली. "पन बरा केलाव आलाव."

त्याने मान हलवली आणि परातीत पाण्याचा हात मारला.