पाचवा खेटा

"सुतकात देवाची पायरी चढायची न्हाय," आबांचे चिरंजीव आकारामकाकांनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि सोप्यात बसलेल्यांनी तिसऱ्यांदा माना हलवल्या.

आबांना जाऊन पाच दिवस झाले होते. निशिगंधा, त्यांची नात, भिंतीला पाठ टेकून बसली होती. शिरोलीच्या एका फाउंड्रीत साच्यात बसवायचे वाळूचे कोअर करायचं तिचं काम, तेही दिवसभर उभ्यानं. आबांची नजर अधू झाल्यापासून दोन वर्षं ती पाळी सुटली की आधी शुक्रवार पेठेतल्या या घरी यायची, त्यांना जेवू घालायची आणि मग वडगावची एसटी धरायची. सासरी बोलणी बसायची ती वेगळीच. पोरगी थकली होती. रडायचंसुद्धा तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

प्रश्न उद्याच्या रविवारचा होता. माघात जोतिबाचे खेटे सुरू होतात. पाच रविवार पंचगंगेच्या घाटावरून अनवाणी निघायचं आणि डोंगरावर जाऊन देवाला भेटायचं. आबांनी हे पन्नासावर वर्षं केलं. पलटणीत होते तेव्हा वर्षाची सुट्टी ते माघातच काढायचे. गुडघे गेल्यावर डोंगराच्या पायथ्याशी गायमुखापर्यंत रिक्षा आणि पुढं निशिगंधाच्या खांद्यावर हात, असं सुरू झालं. दर वळणावर थांबून देवाशी हुज्जत घालायची. "देवा, एवढ्या उंचावर कशाला बसलास? खाली रंकाळ्यावर बसला असतास तर भेळ तरी मिळाली असती की." आजूबाजूचे भाविक हसायचे आणि आबांना तेवढंच हवं असायचं.

भक्तीही तशीच गमतीची. लष्करी कँटीनची रमची बाटली पाच आठवडे कुलपात आणि किल्ली आजीकडं. पाचव्या खेट्यानंतरच्या सोमवारी सकाळी, तोंड धुऊन, "मॅडम, हत्यारखाना उघडा" असा हुकूम सुटायचा. नातवंडांची आंघोळ म्हणजे परेड. ब्याऐंशीव्या वर्षी चैत्र यात्रेत देवाच्या उंच सासनकाठीखाली इतके नाचले, की डॉक्टरांनी डोक्याला हात लावला.

यंदा चार खेटे झाले. चौथ्याहून आले ते कणकण घेऊनच. सोमवारी ताप चढला. निशिगंधा कपाळावर ओली पट्टी ठेवत होती तेव्हा म्हणाले, "एक राहिला की गं." मंगळवारी उजाडताना गेले.

"मी जातो उद्या," निशिगंधा म्हणाली. "लग्न झालेल्या पोरीला तीन दिवसांचंच सुतक. माझं फिटलंय."

सोप्यातल्या माना तिच्याकडं वळल्या. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. तेव्हापासून या घरात शेवटचा शब्द काकांचा. तिच्या लग्नात त्यांनी हात आखडला नव्हता, आणि त्यांच्यापुढं तिनं कधी तोंड वर केलं नव्हतं.

"तीन दिवसांचं, ते खरं," काका म्हणाले. "पण खेटा घरच्या माणसानं घालायचा असतोय. तू आता वडगावची. दिल्या घरची. एक राहिला तर राहिला, देवाला कळतंय."

दोन वर्षं आबांची नखंसुद्धा तिनं कापली होती. 'दिल्या घरची' हा शब्द तिच्या काळजाला लागला. एरवी ती गप्प बसली असती.

"काका, आबा तरी भरमाप्पाच्या घरचं हुतं व्हय?"

भरमाप्पा कोण हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत तो विसरल्यासारखाच झाला होता. गडहिंग्लजकडचा, जातीनं लिंगायत, आबांच्या पलटणीतला. एकाहत्तरच्या लढाईत हल्ल्याआधी खंदकात बसून तो नवस बोलला, जिता परत गेलो तर जोतिबाचे खेटे घालीन. तो परतला नाही, त्याच्या शेजारी बसलेले पिराजी, म्हणजे आबा, परतले. लोक म्हणाले, माणूसच गेला तर नवस कसला? त्यावर आबांचं ठरलेलं उत्तर होतं. "नवस त्यानं बोलला आणि पाय माझं शाबूत राहिलं. मग चालायचं कुणी?"

काका उठले, पायांत चपला सरकवल्या आणि बाहेर निघून गेले. जा म्हणाले नाहीत आणि नकोही म्हणाले नाहीत.

रविवारी तांबडं फुटायच्या आत निशिगंधा घाटावरून निघाली. नदीपासून ती कधी चालली नव्हती. वडणग्यापर्यंत काही वाटलं नाही, निगव्याला तळपाय पोळायला लागले, कुशिऱ्याला एक फोड फुटला. गायमुखाशी आली आणि सवयीनं उजवा खांदा जरा खाली करून थांबली. खांद्यावर हात आला नाही. तिथंच दगडावर बसून ती पाच दिवसांचं रडली. लोक चांगभलं म्हणत शेजारून जात होते. एका म्हातारीनं न विचारता तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मग ती उठली, वर गेली, भरमाप्पाच्या नावानं नारळ फोडला आणि देवाला सांगितलं, पाच झाले.

परत यायला दिवस कलला. कपाळावर गुलाल होता, हातात प्रसाद होता, आणि सुतकाच्या घरात यातलं काहीच चालत नव्हतं. ती बाहेरच पायरीवर टेकली. उद्या सकाळी कामावर पहिली पाळी होती. वडगावला जायचं होतं. उठवत नव्हतं.

दार वाजलं. आकारामकाका बादली घेऊन बाहेर आले. पाण्याला वाफ होती. खेटा घालून आलेल्याचे पाय धुवायचे, ही या घरातली रीत. आबांचे पाय इतकी वर्षं काकांनीच धुतले होते. आज सुतकामुळं तिला शिवायची सोय नव्हती. त्यांनी तांब्या भरला आणि हातभर उंचीवरून, अंग चोरून, तिच्या पायांवर धार धरली.

"लई दुखतंय?"

भिंतीला डोकं टेकून निशिगंधाचा डोळा लागला होता. बासष्ट वर्षांचे काका कमरेत वाकून, ती जागी होऊ नये इतक्या बारीक धारेनं, पाणी सोडत राहिले.