रडकं पिल्लू

बिश्केकच्या बाजारात तेमिरकुल आजोबांनी टोपलीतलं पहिलं पिल्लू मानेच्या कातडीला धरून उचललं. ते गप्प राहिलं. दुसरंही गप्प. डोंगरात मेंढ्या राखल्या तेव्हा त्यांनी सगळी कुत्री अशीच पारखून घेतली होती. जे कुंईकुंई करत नाही, तेच कामाचं. तिसऱ्या पिल्लाने मात्र असा गळा काढला, की शेजारची कोंबडीवालीही वळून बघायला लागली.

"हे रडकं नको. लांडगा आला तर काय करणार हे?"

"आजोबा, चौथ्या मजल्यावर लांडगा येणार कसा? लिफ्टने?" तेरा वर्षांची नुरझात म्हणाली. तिचं हे पहिलंवहिलं कुत्रं, ओंजळीत मावेल एवढं. "मला हेच हवंय."

"अगं, पण का?"

"याला दुखलं की हे सांगतं तरी. मुकाट सोसणारा एक आहे आपल्या घरात, तेवढा पुरे झाला."

आजोबांचा हात नकळत मनगटाकडे गेला. हिवाळ्यात बर्फावर घसरून मनगट मोडलं, तेव्हा ते आठवडाभर हात कोटात लपवून जेवायला बसत होते. शेवटी ती सूज नुरझातनेच पाहिली होती.

घरी जाताना पिल्लू आजोबांच्याच कोटात होतं. चौकात त्याने त्यांच्या बोटाला कडकडून चावा घेतला. आजोबांनी सवयीने ओठ घट्ट मिटले. मग नातीकडे पाहिलं आणि भर रस्त्यात मोठ्याने ओरडले, "आई गं!"